‘अ’ला हात लावायचा नाही

“हा ‘अ’ कोण?” कर्नल ओरुमांनी विचारलं.

“कोणीही असू शकतो,” मी म्हणालो.

गणिताच्या दृष्टीनं उत्तर अचूक होतं. पण त्या खोलीत त्याहून वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं.

खोली पूर्वी गोऱ्या साहेबांच्या क्लबातली बिलियर्डची खोली होती. लोमाया देश स्वतंत्र झाला, साहेब गेले, क्लब गुप्त पोलिसांकडे आला. बिलियर्डचं टेबल मात्र दारातून बाहेर निघेना. म्हणून ते टेबल तसंच ठेवून त्याच्या हिरव्या बनातीवर राष्ट्राच्या सुरक्षेचं काम चालायचं. त्या गुरुवारी दुपारी टेबलावर तीन वस्तू होत्या. तपकिरी कव्हर घातलेली माझी वही, माझ्या कंपासपेटीतला कर्कटक आणि लिंबाच्या लोणच्याची एक बरणी. एका टोकाला कर्नल, दुसऱ्या टोकाला मी. मी टेबलाच्या कोपऱ्यातल्या, चेंडू पडायच्या जाळीवर हात ठेवून उभा होतो.

मी साताऱ्याचा. तीन वर्षांच्या करारावर लोमायाच्या राजधानीतल्या सरकारी कॉलेजात गणित शिकवायला गेलो होतो. तिकडं मुलांना इंग्रजीत शिकवायचं असे. पण मी गणिताचा विचार मराठीत करतो. घाबरतोही मराठीतच. त्यामुळं उद्याच्या तासाची टाचणं मी आदल्या दिवशी मराठीत काढून ठेवायचो. शुक्रवारी सकाळी कॉलेजच्या नव्या विज्ञान इमारतीचं उद्घाटन होतं. त्यासाठी स्वतः राष्ट्राध्यक्ष येणार होते, म्हणून बुधवारपासून झडती सुरू होती. झडतीत ही वही सापडली. न वाचता येणारी लिपी, त्यात बाण आणि वर्तुळं. एवढं त्यांना पुरलं.

वही वाचायला त्यांनी कुडचडकरांना बसवलं होतं. सगुण कुडचडकर मूळ गोव्याचे. साहेबांच्या काळापासून त्याच कचेरीत कारकून. गावच्या शाळेत मराठी चौथीपर्यंत शिकले होते. अख्ख्या राजधानीत देवनागरी वाचू शकणारा सरकारी माणूस तेवढाच. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षाही पांढरा पडला होता.

“वाचा,” कर्नल म्हणाले. त्यांच्या गालात पेपरमिंटची गोळी होती. आवाज मऊ होता. ओरडणारी माणसं मला परवडतात. आमचे हेडमास्तर ओरडायचे.

कुडचडकरांनी आधी मराठी वाचलं, मग इंग्रजी केलं. “‘शुक्रवार, दहाचा तास.’ फ्रायडे, टेन ओ’क्लॉक.”

“राष्ट्राध्यक्ष किती वाजता येणार आहेत?” कर्नलनी हवेत विचारलं.

“दहा वाजता, सर,” कुडचडकर म्हणाले.

“पुढं.”

“‘अ च्या जवळ डावीकडून जायचं. हवं तितकं जवळ जायचं. पण अ ला हात लावायचा नाही. हे तीनदा बजावून सांगणे.’”

“कोणाला बजावून?”

“मुलांना,” मी म्हणालो.

“म्हणजे या कामात विद्यार्थीसुद्धा आहेत.” त्यांनी लिहून घेतलं. “पुढं.”

“‘मग उजवीकडून जायचं. दोन्ही बाजूंचं जुळलं नाही तर...’” कुडचडकर अडखळले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “‘तर सीमा अस्तित्वात नाही.’ द बॉर्डर डज नॉट एक्झिस्ट, सर.”

कर्नलच्या गालातली गोळी थांबली.

हे वाक्य त्या देशात, त्या महिन्यात कोणी उच्चारायला नको होतं. पश्चिमेच्या शेजाऱ्याशी सीमेवरून तंटा चालू होता. आमच्या कॉलेजचे भूगोलाचे बेन्जा मास्तर वर्गात चुकून साहेबांच्या काळातला नकाशा लावून बसले. त्यात सीमा नदीच्या अलीकडं होती. तीन आठवड्यांपूर्वी मधल्या सुट्टीत दोन माणसं आली, “पाच मिनिटांचं काम आहे,” म्हणाली आणि बेन्जा त्यांच्याबरोबर गेले. त्यांची सायकल जकरंदाच्या झाडाखाली उभी होती, ती तशीच उभी राहिली. तिच्यावर जांभळी फुलं साचली. कॉलेजातला प्रत्येक जण तिला वळसा घालून जायचा. कोणी डावीकडून, कोणी उजवीकडून. हात कोणी लावला नव्हता. मी तर झाडाकडं बघणंसुद्धा सोडलं होतं.

“सर, सीमा म्हणजे बॉर्डर नव्हे,” मी म्हणालो. “गणितातली लिमिट. शब्द एकच आहे.”

“बॉर्डर आणि लिमिटला तुमच्या भाषेत एकच शब्द?”

“हो सर.”

“सोयीची भाषा आहे. पुढं.”

“‘अ च्या जागी भोक आहे,’” कुडचडकर वाचत होते आणि त्यांच्या कपाळावरून घामाचा एक थेंब नाकाकडं निघाला होता. “‘भोक ठळक काढून दाखवणे.’”

पानावर मी भोक ठळक काढलंच होतं. मी नेहमी नीट काढतो. एक वळणदार रेषा, तिच्यावर दोन्ही बाजूंनी बाण, मध्ये छोटं रिकामं वर्तुळ आणि खाली ‘अ’. त्या क्षणी मलाही त्यात गणित दिसेना. छातीत भोक पडलेला माणूस दिसायला लागला.

“कुडचडकर, राष्ट्राध्यक्षाला यांच्या भाषेत काय म्हणतात?”

“अध्यक्ष, सर.”

“पहिलं अक्षर?”

“अ, सर.”

“आणि राष्ट्राध्यक्ष अबोरोंच्या नावाचं पहिलं अक्षर?”

कुडचडकरांनी थुंकी गिळली. “अ, सर.”

“गणिताच्या वहीत आकडे असतात,” कर्नल मला म्हणाले. “या पानावर एकही आकडा नाही.”

“पान उलटा सर. मागं आकडे आहेत.”

त्यांनी पान उलटलं. ०.९, ०.९९, ०.९९९. ते बराच वेळ बघत राहिले. “जवळ जवळ येताय,” ते म्हणाले. गणित त्यांना माझ्या मुलांपेक्षा लवकर कळत होतं, फक्त भलत्या बाजूनं.

मग त्यांनी लोणच्याची बरणी पुढं ओढली. “हे काय?”

“लिंबाचं लोणचं. माझ्या बायकोनं घातलंय.”

“बरणीवर कागद चिकटवलाय. बेन्जांचं नाव आहे.”

होतं. ‘बेन्जा मास्तर’. विमल प्रत्येक बरणीवर नाव घालते. बेन्जांना तिचं लोणचं फार आवडायचं. नुसतं चमच्यानं खायचे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि तिला “सिस्टर” म्हणायचे. मुरायला ठेवलेलं लोणचं तयार व्हायच्या आतच बेन्जा गेले होते.

“बेन्जा तुमचे मित्र?”

आता खरं काय ते सांगतो. मी म्हणालो, “ओळख आहे. स्टाफरूममधली.”

कुडचडकरांनी मान खाली घातली. भाषांतराची गरज नव्हती, मी इंग्रजीत बोललो होतो.

कर्नलनी झाकण काढलं, बोट बुडवलं, चाटलं. त्यांचे डोळे भरून आले. पेपरमिंटवर लिंबाचं लोणचं कसं लागतं ते मला ठाऊक नाही. डोळे पुसत ते उठले. “चला. म्हाताऱ्यांनी स्वतः बघायचं म्हटलंय.”

त्या देशात ‘म्हातारा’ एकच होता.

गाडीत कुडचडकर माझ्या शेजारी बसले होते. ते पुटपुटले, “मास्तर, म्हज्यार रागावूं नाका. जें लिहिलां तेंच वाचलें हांवें.”

“बरोबर वाचलंत,” मी म्हणालो. “तोच तर घोटाळा झाला.”

वाटेत मी विमलचा विचार करायचा प्रयत्न केला. ती आमच्या क्वार्टरमध्ये उलथापालथ झालेल्या ट्रंकांमध्ये बसली असणार. पण मनात सारखी बेन्जांची सायकल येत होती. माझी सायकल नव्हती. म्हणजे मी नाहीसा झालो तर तेवढीही खूण राहणार नव्हती.

राष्ट्राध्यक्षांचं चित्र मी नोटांवर, काडेपेट्यांवर आणि टपालाच्या तिकिटांवर पाहिलं होतं. प्रत्यक्षात ते लहानखुरे निघाले. पायांत कापडी चपला. खोलीत भिंतीला फळा होता, खरा, काळा, लाकडी चौकटीचा. फळ्याच्या पट्टीवर खडू आणि डस्टर. ही गोष्ट देशात सगळ्यांना ठाऊक होती. तुरुंगात जाण्यापूर्वी म्हातारा अकरा वर्षं मिशनच्या शाळेत अंकगणित शिकवायचा.

कर्नल त्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभे राहिले. कुडचडकर दाराशी. मी मध्ये.

“टीचर,” राष्ट्राध्यक्ष म्हणाले, “कर्नल म्हणतात हा मला मारायचा बेत आहे. तुम्ही म्हणता गणित आहे. मी अकरा वर्षं गणित शिकवलंय. तुम्ही मला शिकवा. मला कळलं तर ते गणित. नाही कळलं...” त्यांनी कर्नलकडं पाहिलं. “अर्धा तास पुरेल?”

मी आयुष्यभर म्हणत आलो होतो, मुलाला गणित कळलं नाही तर दोष मास्तरचा. या तत्त्वाची कोणी इतकी कडक अंमलबजावणी करील असं वाटलं नव्हतं. शिवाय हा धडा वर्गातल्या साठांपैकी पंधरा जणांना कळतो, तेही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात.

खडू हातात घेतला तर तो घामानं ओला झाला. पहिली रेघ उमटलीच नाही. दुसरा घेतला.

“सर, एक यंत्र आहे असं धरा. त्यात संख्या टाकली की दुसरी बाहेर येते. दोनपेक्षा लहान संख्या टाकली तर यंत्र तिच्यात एक मिळवतं. दोनपेक्षा मोठी टाकली तर दुप्पट करतं.”

“आणि दोनच टाकली तर?”

मुलं हा प्रश्न तिसऱ्या दिवशी विचारतात. “ते सांगितलेलं नाही, सर. सध्या दोनला हात लावायचा नाही.”

“हात लावायचा नाही,” त्यांनी हळूच म्हटलं आणि उठून फळ्यापाशी आले. माझ्या हातातला खडू काढून घेतला. अकरा वर्षांची सवय होती. खडू बोटांत बरोबर बसला.

“डावीकडून जा, सर. लहान बाजूनं. एक पूर्णांक नऊ टाका.”

“दोन पूर्णांक नऊ.”

“आणखी जवळ. एक पूर्णांक नव्याण्णव.”

“दोन पूर्णांक नव्याण्णव.” त्यांनी सुबक आकड्यांत एकाखाली एक लिहिलं. पुढची ओळ न सांगता स्वतःच केली. २.९९९. मग खाली रेघ मारली आणि विचारलं, “उत्तर?”

“तुम्ही सांगा, सर. डावी सीमा किती?”

त्यांनी रेघेखाली लिहिलं, २.९९९.

“चूक,” मी म्हणालो.

हा शब्द मी म्हटला नाही. तो मास्तरकीनं म्हटला. वीस वर्षं फळ्यावर चुकीचं उत्तर दिसलं की तो तोंडातून आपोआप बाहेर पडत होता. तो बाहेर पडला आणि कर्नलनी गोळी दातांखाली फोडल्याचं मला ऐकू आलं. दाराशी कुडचडकरांनी छातीवर हात नेला. ते हिंदू होते, पण हात क्रूस काढल्यासारखा फिरला.

राष्ट्राध्यक्ष फळ्याकडं बघत होते. “हा शब्द मी अकरा वर्षं रोज म्हणत होतो,” ते म्हणाले. “गेल्या तीन वर्षांत मला कोणी म्हटलं नाही.” मग वळून, “का चूक?”

“कारण... कारण तुम्ही थांबलात, सर. अजून एक नऊ लावता आला असता. त्यापुढं अजून एक.”

“पण तीन कधीच होणार नाहीत.”

“नाही होणार. आकडे पोचले कुठं ते आपण विचारत नाही, सर. चालले कुठं ते विचारतो.”

त्यांनी डस्टर घेतलं, २.९९९ पुसलं आणि तिथं ३ लिहिलं. मग न विचारता उजवी बाजू घेतली. २.१ टाकून ४.२, २.०१ टाकून ४.०२. रेघ. ४. त्या चारभोवती त्यांनी वर्तुळ काढलं, तीनभोवतीही काढलं, आणि दोन पावलं मागं सरकून बघत राहिले.

“डावीकडून तीन. उजवीकडून चार.”

“हो सर. जुळत नाहीत. म्हणून सीमा अस्तित्वात नाही.”

“आणि बरोबर दोनवर?”

“काही नाही. भोक.”

मी ते भोक फळ्यावर काढलं. ते वर्तुळ वाकडं आलं. मला अजून त्याची लाज वाटते.

राष्ट्राध्यक्ष खुर्चीत जाऊन बसले. बराच वेळ ते फळ्यावरचं भोक पाहत होते, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर कळल्याची खूण शोधत होतो. कळलं की मुलांच्या भुवया वर जातात. यांच्या गेल्या नाहीत. उलट खाली आल्या.

“स्वातंत्र्याच्या रात्रीचा कार्यक्रम तुम्ही पाहिला नसेल,” ते म्हणाले. “बाराला साहेबाचं निशाण उतरायचं आणि आमचं चढायचं. दोन्ही एकदम दिसायला नकोत म्हणून ठरलं होतं की मध्ये दिवे घालवायचे. बाराच्या आधी कितीही जवळ जा, खांबावर त्यांचं निशाण. बारानंतर कितीही जवळ या, आमचं. आणि बरोबर बाराला...” त्यांनी बोटानं भोकाकडं दाखवलं. “अंधार. नुसता खांब. खाली पन्नास हजार माणसं आणि मी. दोरी कुठंतरी अडकली होती. सात-आठ सेकंदं असतील. तेवढा वेळ या देशावर कोणाचंच राज्य नव्हतं. त्यांचं संपलं होतं, माझं सुरू झालं नव्हतं. तुरुंगात मी घाबरलो नव्हतो, टीचर. त्या आठ सेकंदांत घाबरलो. ते अजून गेलेलं नाही.”

मग एकदम मान वळवून त्यांनी विचारलं, “कर्नल, तुम्ही माझ्याकडं कोणत्या बाजूनं येता?”

“नेहमी उजवीकडून, सर,” कर्नल म्हणाले.

“हं. हवं तितकं जवळ.”

कर्नल हसले. राष्ट्राध्यक्ष हसले नाहीत. मी कुठं बघावं ते न कळून डस्टरकडं बघितलं.

“हे गणित आहे,” राष्ट्राध्यक्ष म्हणाले. “यांना घरी सोडा. टीचर, उद्या दहाला हाच तास घ्या. फीत कापून झाली की मी मागच्या बाकावर येऊन बसेन. तुम्हाला काही मागायचंय माझ्याकडं? विचारायचंय?”

खोलीत चौघं होतो. दार बंद होतं. त्या देशात ज्या एका माणसाला तो प्रश्न विचारण्यात अर्थ होता, तो माझ्यापासून पाच हातांवर बसून मला, काही विचारायचंय का, असं विचारत होता. मी तोंड उघडलं. ‘बेन्जा’ हे नाव जिभेवर आलं, दातांपर्यंत आलं. कर्नल माझ्याकडं बघत होते. त्यांनी नवी गोळी तोंडात टाकली.

“लोणच्याची बरणी परत मिळाली तर...” मी म्हणालो.

क्वार्टरच्या दारात विमल उभी होती. मला पाहून तिनं चौकटीचा आधार घेतला. मग तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं. मी बरणी पुढं केली आणि धडाधडा सगळं सांगितलं. यंत्र, चूक, निशाण, आठ सेकंदं. मला वाटतं मी थोडा बढाईच्या सुरातही बोललो असेन. सुटलेला माणूस बोलतो.

ती ऐकत राहिली. शेवटी तिनं बरणी फिरवून कागदावरचं नाव पाहिलं.

“अहो, त्यांनी विचारलं, काही मागायचंय का?”

“हो.”

“आणि तुम्ही बरणी मागितलीत.”

“अगं, कर्नल तिथंच होता.”

ती ट्रंका पुन्हा लावायला गेली. मला वाटलं प्रकरण संपलं.

शुक्रवारी फीत कापून झाल्यावर दहाच्या तासाला मी वर्गात उभा होतो. साठ मुलं इस्त्रीच्या कपड्यांत. मागच्या बाकावर राष्ट्राध्यक्ष, मांडीवर नवी कोरी वही. त्यांच्या उजवीकडं कर्नल. डावीकडं प्रिन्सिपॉल, श्वास न घेता बसलेले. दाराशी कुडचडकर माझी वही धरून उभे होते. मी टाचणाबाहेर काही बोललो तर कळावं म्हणून.

खिडक्या उघड्या होत्या. तळमजला. समोर जकरंदा, झाडाखाली सायकल. मी झाडाकडं पाठ करून उभा राहिलो होतो.

“डावीकडून जायचं,” मी म्हणत होतो. “हवं तितकं जवळ. पण लक्षात ठेवा, हात लावायचा नाही.” आणि मला दिसलं की वर्गातल्या सगळ्या मुलांच्या माना खिडकीकडं वळल्या आहेत.

वळून बघितलं. विमल झाडाखाली उभी होती. निळं नऊवार नेसलेली, काखेत बरणी. ती सायकलीच्या सीटवरची फुलं पदरानं झाडत होती. तीन आठवड्यांची फुलं, खालची तपकिरी होऊन चिकटलेली. तिनं बरणी हँडलच्या टोपलीत ठेवली. मग दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि सायकल ढकलायला लागली. चाकांतली हवा गेली होती. टायर फरशीवर थप थप करत येत होते. वाट आमच्या खिडकीखालून फाटकाकडं जायची.

दोन शिपाई पुढं झाले. तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं ती भाजीवाल्यानं वजनात गडबड केली की पाहते. ते जागच्या जागी थांबले. त्यांना बहुधा बाईला अडवण्याचा हुकूम नव्हता, आणि सायकलीला हात लावण्याची छाती नव्हती.

“ती सायकल कोणाची आहे?” मागच्या बाकावरून आवाज आला.

प्रिन्सिपॉल छताकडं बघायला लागले. कर्नल स्वस्थ होते. राष्ट्राध्यक्ष माझ्याकडं बघत होते. “टीचर?”

माझ्या हातात खडू होता. काल ‘चूक’ म्हणालेलं तोंड तेच होतं. मी म्हणालो, “सर, ती... भूगोलाच्या...” आणि पुढं काही येईना. खरंच येईना.

थप थप थांबली. विमल खिडकीशी आली होती. तिचं डोकं तेवढं गजांमागं दिसत होतं. तिला इंग्रजी यायचं नाही आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. ती मराठीत म्हणाली, स्वच्छ, साताऱ्याच्या मंडईत ऐकू जाईल अशा आवाजात, “सायकल बेन्जा मास्तरांची आहे. बाहेर उभी राहून गंजायला लागली. त्यांच्या बायकोकडं पोचवतेय. आणि त्यांना विचारा, मास्तर घरी कधी येणार?”

“काय म्हणतात या?” राष्ट्राध्यक्षांनी विचारलं.

सगळ्यांनी कुडचडकरांकडं पाहिलं. त्यांची नोकरी, त्यांची चार लेकरं, त्यांचं सगळं कर्नलच्या मुठीत होतं. ते काहीही सांगू शकले असते. ‘बाई सायकल घेऊन जाऊ का विचारतात,’ एवढं पुरलं असतं. कर्नल त्यांच्याकडं एकटक बघत होते. कुडचडकरांनी माझी वही मिटली, छातीशी धरली आणि इंग्रजीत सगळं सांगितलं. शब्दन् शब्द. नाव, गंज, बायको. शेवटचा प्रश्नसुद्धा. त्या भाषांतरात एका अक्षराची चूक नव्हती.

सीलिंगचा पंखा फिरत होता. मी मोजत होतो. का कोण जाणे, मोजत होतो. आठपर्यंत पोचलो.

“तास चालू ठेवा,” राष्ट्राध्यक्ष म्हणाले. त्यांनी आपल्या कोऱ्या वहीत काहीतरी लिहिलं. ते डावीकडं झुकून बसले होते, कर्नलला दिसू नये असे.

मी तास चालू ठेवला. काय शिकवलं ते आठवत नाही. थप थप फाटकापर्यंत ऐकू आली, मग नाही.

बारा दिवसांनी सायकल जकरंदाखाली परत उभी होती. चाकांत हवा होती. बेन्जा फार वाळले होते आणि डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. त्यांनी पुन्हा वर्गात नकाशा लावला नाही. सीमा नद्यांसकट तोंडी सांगायचे. आमच्याकडं आले की लोणचं मागायचे, “सिस्टर” म्हणायचे, आणि माझ्याशीही पूर्वीसारखंच बोलायचे. ते मला जड जायचं.

कुडचडकरांना त्या महिनाअखेर दूरच्या एका बंदरावर बदली मिळाली. जाताना माझी वही परत करून गेले. राष्ट्राध्यक्ष आणखी दोन वर्षं टिकले. मग एके सकाळी रेडिओवर कर्नल ओरुमांचा मऊ आवाज आला, की प्रकृतीच्या कारणास्तव राष्ट्राध्यक्ष विश्रांती घेत आहेत. आमचा करार त्याच महिन्यात संपत होता.

साताऱ्याला परतल्यावर मी मास्तरकी सोडली आणि एका साप्ताहिकात पुढाऱ्यांची टर उडवणारं सदर लिहायला लागलो. पंचवीस वर्षं चाललं. लोक म्हणतात खटावकर कोणाला सोडत नाही. पुढारी स्वतः फोन करून हसतात, पुढच्या सभेला बोलावतात, हार घालतात. आता निवृत्त झालोय, तरी अधूनमधून एखादा लेख छापून येतो.

आला की विमल तो वाचते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश. मग चष्मा कपाळावर सरकवते आणि विचारते,

“जवळ गेलात. हात लावलात का?”